जुई मारणारे तात्या

तात्या कुणाच्या घरी बागेचं काम बघायला गेले की झाडांकडे बघत नसत. ते पायांकडे बघत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसून अर्धा तास त्यांनी माझ्या, दूधवाल्याच्या आणि शेजारच्या मांजराच्या पायांचं निरीक्षण केलं. मग बिनसाखरेचा चहा प्यायले आणि "बघतो" म्हणून मोटारसायकलवर बसून निघून गेले. मी मनात म्हटलं, हा माणूस काही कामाचा नाही.

आमचं घर नाशिक रोडच्या कॉलनीत. बाबा नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले, तेव्हा हा छोटा बंगला बांधला. पुढं अंगण बऱ्यापैकी, पण त्यात एक मोडका कूलर, उरलेल्या फरश्या, पत्र्याचे डबे आणि बाबांची बंद पडलेली स्कूटर. फाटकाशेजारी बाबांनी लावलेली जुई मात्र मांडवभर पसरलेली. बाबा गेले, पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि त्या दिवसापासून आईनं अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. दारात उभी राहायची आणि तिथूनच परत फिरायची. अंगण नीट केलं तर ती निदान उतरेल, एवढाच माझा हिशेब होता. पुण्याहून भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकून घे, गाडी तरी आत लागेल." मग माझ्या ऑफिसमधल्या दिंडोरीच्या एका बाईंनी तात्यांचा नंबर दिला.

तात्या मूळचे द्राक्षछाटणीवाले. चाळीस वर्षं लोकांच्या बागा छाटल्या, पण स्वतः द्राक्ष खात नसत, म्हणत, "आंबट ढेकर येतात." गुडघे दुखायला लागल्यावर ते घरगुती बागांकडे वळले. कात्री कायम कमरेला. जगाकडे मात्र ते द्राक्षबागेतूनच बघत. माझ्या भावाचं पेव्हर ब्लॉकवरचं व्याख्यान त्यांनी फोनच्या पडद्यासमोर उभं राहून शांतपणे ऐकलं आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "याला लहानपणी पाणी तोडून ताण दिलेला नाय. नुसता पाला वाढला." भाऊ अजून विचारतो, ते नेमकं काय म्हणाले. मी सांगत नाही.

दुसऱ्या खेपेला ते एक पिशवी घेऊन आले. शाळेच्या मैदानावर खो-खोसाठी रेघा मारतात ती पांढरी फक्की. कूलर, डबे, स्कूटर, फरश्या त्यांनी एका दिवसात हलवल्या आणि मोकळ्या अंगणभर फक्कीच्या आडव्याउभ्या रेघा मारल्या. मला वाटलं, हाच आराखडा. मी फोटो काढून भावाला पाठवलासुद्धा. तात्या म्हणाले, "आता आठ दिवस काय करायचं नाय. नेहमीसारखं चाला. जिथली रेघ पुसंल तिथं वाट. जिथली राहील तिथं वाफा." मी विचारलं, "कागदावर काढून नाही का चालणार?" त्यावर ते म्हणाले, "कागदावर कोण चालतं, मॅडम?"

आठ दिवस मी माझ्याच अंगणात चोरासारखी चालले. आपण कुठं पाय टाकतो हे लक्षात आलं की माणसाला चालता येत नाही. नवव्या दिवशी तात्या आले आणि उकिडवे बसून रेघा वाचू लागले. फाटकापासून नळापर्यंत पुसलेली. नळापासून कपड्यांच्या तारेपर्यंत पुसलेली. पायरीसमोरची रेघ मात्र मारली तशीच होती. "इथनं कोण उतरतच नाय का?" त्यांनी विचारलं. मी स्वतः नळाजवळच्या दारानं ये-जा करायचे, ते सांगितलं आणि आईचंही.  त्यांनी लगेच पायरीसमोर वाफा घ्यायचा नाही, जागा रिकामी ठेवायची, असं ठरवून टाकलं. त्या क्षणी मला तो माणूस आवडला. तो किती नुकसान करू शकतो हे अजून कळायचं होतं.

झालं असं की मार्च महिना होता, आणि तात्यांच्या हाताला एप्रिलची सवय होती. द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये असते. आधी वेलीचं पाणी तोडायचं, तिला ताण द्यायचा, मग फुटीचे एकदोन डोळे राखून सगळं खरडून काढायचं. द्राक्षवेल याला सरावलेली असते, तिला पुन्हा फूट येते. तात्यांनी जुईलाही तसाच ताण दिला. नळाची नळी दुसरीकडे वळवलेली मला दिसली होती, पण कामातल्या माणसाला काय शिकवायचं म्हणून मी गप्प बसले. एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी भाजी घेऊन परतले तर मांडव उघडा बोडका आणि खाली तीन खुंट. "जुनी झाली होती," तात्या कपाळ पुसत समाधानानं म्हणाले. "दोन-दोन डोळे ठेवलेत. आता बघा कशी फुटते."

कात्रीचा आवाज ऐकून आई दारात आली होती. तिनं खुंटांकडे पाहिलं आणि ती आत गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाबा रोज संध्याकाळी त्या वेलाची ओंजळभर फुलं खुडून तिच्या उशाशी ठेवायचे. तीस वर्षं. आधीच्या भाड्याच्या घरातही जुई होती; या वेलाची फांदी तिथलीच.

मग वाट बघणं सुरू झालं. दर तिसऱ्या दिवशी तात्या दिंडोरीहून यायचे, वाफे खणायचे, शेणखत मिसळायचे, आणि जाताना नखानं जुईचं खोड खरवडून बघायचे. आत हिरवं दिसलं की "जित्ती हाय" म्हणायचे. आई दारातूनच विचारायची, "फुटली का?" तात्या मान खाली घालून म्हणायचे, "फुटंल, ताई." मे गेला. ऊन तर असं की खुंटावर हात ठेववत नव्हता. तात्यांनी सावलीला गोणपाट बांधलं, बुंध्याला पाण्याचा माठ लावला. एकदा मी त्यांना खुंटाशी बोलताना पाहिलं. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण सूर विनवणीचा होता.

जूनच्या शेवटी खोड आतून तपकिरी निघालं. तात्या पायरीशी आले, टोपी काढली आणि दारातल्या आईला म्हणाले, "ताई, चुकलं माझं. हात द्राक्षाचा, तो जुईवर चालवला. साहेबांचा वेल मी मारला."  आई पायरी उतरली. चौदा महिन्यांनी. थेट खुंटापाशी जाऊन म्हणाली, "मुळापासून काढा." तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

रात्रीची भांडी आवरताना आई मला म्हणाली, "त्या वासानं माझं डोकं दुखायचं."

मी विचारलं, "कुठल्या?"

"जुईच्या. उशाशी बामची डबी कशाला असायची? तुम्हाला वाटायचं बीपी."

"मग बाबांना सांगितलं का नाहीस?"

"इतक्या हौसेनं आणायचे. कसं सांगणार?" ती ताट पुसत राहिली. "आणि तात्या दर खेपेला सांगायचे, फुटंल, फुटंल. माझा जीव टांगणीला. म्हणून मी विचारायचे, फुटली का."

मी म्हटलं, हे उद्याच्या उद्या तात्यांना सांगू. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. आई म्हणाली, "थांब जरा." आणि ते थांबणं दोन वर्षं चाललं.

कारण त्या दिवसापासून तात्यांनी मजुरी घेणं बंद केलं आणि येणं वाढवलं. दर गुरुवारी सकाळी मोटारसायकल फाटकाशी. जुईच्या जागी काय लावायचं, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "वांगी." बाबा असते तर म्हणाले असते, बंगल्यापुढं भाजी लावायला आपण काय शेतकरी आहोत? वांग्यांमागून अळू आलं, गवती चहा आला, मांडवावर तोंडली चढली. आई पदर खोचून वाफ्यात आणि तात्या तिच्या शेजारी, पण कात्री लावायच्या आधी परवानगी. "ताई, हे पान काढू का?" आई म्हणायची, "पान काढायला काय विचारता?" तात्या म्हणायचे, "विचारलेलं बरं." मग दोघं खतावरून भांडायची. मी आतून ऐकायचे. आईचा आवाज इतका मोठा आहे हे मला वयाच्या चाळिशीत कळलं.

मी मधूनमधून तिला आठवण करायचे. ती म्हणायची, "सांगते गं." मलाही ती घाई नको होती, हे कबूल करते. गुरुवारी घरात बरं वाटायचं. त्याचा भार एक म्हातारा माणूस उचलतोय, याकडे मी डोळेझाक केली.

तिसऱ्या वर्षी श्रावणात दोन गुरुवार तात्या आले नाहीत. मी फोन केला, तर त्यांच्या सुनेनं उचलला. अर्धांगाचा झटका येऊन तात्यांची उजवी बाजू गेली होती. ती म्हणाली, "मामा डॉक्टरलाबी तेच सांगत व्हते, नाशिक रोडच्या ताईंची जुई माझ्या हातनं गेली, म्हणून हा हात गेला." मी ते आईला जसंच्या तसं सांगितलं. तिनं वांगी तोडली, पिशवीत भरली आणि माझ्या स्कूटरवर मागं बसली.

तात्या खाटेवर होते. टोपी नव्हती, त्यामुळं ओळखायला वेळ लागला. आईनं पिशवी खाली ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "तात्या, मला जुई आवडत नव्हती. वासानं डोकं दुखायचं. तुम्ही मारली ते बरंच झालं."

 तात्यांचे शब्द अडखळत होते, पण कळत होते. "कधीपासनं?"

"पहिल्यापासनं."

"मग आधी का नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

सून चहा घेऊन दारातच थांबली. तात्यांनी डावा हात उचलला आणि परत ठेवला. "आलो असतो," ते म्हणाले. "लय येड्या हाय ताई तुम्ही. आलोच असतो."

 परतताना स्कूटरवर म्हसरूळपाशी आईनं माझा खांदा घट्ट धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

तात्या त्याच महिन्यात गेले. फोन आला तेव्हा आई वांग्यांना पाणी घालत होती. मी सांगितलं. तिनं पाणी घालणं थांबवलं नाही. वांगी झाली, अळू झालं, तोंडली झाली. मग नळ बंद करून ती तिथंच ओल्या मातीत बसली आणि मोठ्यानं रडली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती.