आखाजीसाठी राखून ठेवलेला सीझन

त्या विनोदी मालिकेचा दुसरा सीझन आला थंडीत आणि आम्ही तो पाहिला आखाजीला. मधले महिने मी जळगावात भेटेल त्याला "आम्हाला काही सांगू नका" असं बजावत काढले.

हुकूम बायकोचा होता. पहिला सीझन आम्ही दोघं आणि आमची एकुलती लेक, असा तिघांनी मिळून पाहिला होता. पुढे लेकीचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. त्यांच्यासाठी घरात काय काय राखून ठेवतात. बायकोने त्यात हा सीझनही घातला. "ती आल्याशिवाय लावायचा नाही," म्हणाली.

यामागे एक काळजी होती. लेकीचं सासर चांगलं, पण अबोल. लग्नाच्या दोन दिवसांत विहीणबाईंना हसताना आमच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. लेक फोनवर रोज सांगायची, "सगळं छान आहे, मम्मी." फोन ठेवला की बायको मला विचारायची, "रोज एकाच सुरात कसं हो छान असतं?" आमच्या घरात हसल्याशिवाय जेवण उरकत नाही. तिथे पोरीसोबत हसणारं कोणी आहे का, एवढंच बायकोला कळायला हवं होतं. पण असं सरळ विचारता येत नाही.

आखाजीला लेक आली. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाल्यावर दुपारी टीव्ही लावला. कूलर चालू ठेवला तर संवाद ऐकू येईनात, बंद केला तर घामाच्या धारा. शेवटी घाम पत्करला.

मालिका एका जुन्या तीन मजली सोसायटीची. तिचा चिडका सेक्रेटरी आणि त्याला टाळणारा भाडेकरू ही मुख्य माणसं. पहिल्या सीझनमध्ये बहुतेक विनोद जिन्यावर घडायचा. कोणी पिशव्या घेऊन धापा टाकत चढतंय, कोणी दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलंय आणि तेवढ्यात भांडण जुंपलंय. दुसऱ्या सीझनमध्ये सोसायटीत लिफ्ट आली. दहाऐवजी आठच भाग, पण प्रत्येक भाग लांबवलेला, त्यामुळे एकूण वेळ जवळपास तेवढाच. हसू मात्र तेवढं नाही. लिफ्टचं दार उघडतं, दोन वाक्यं होतात, मजला येतो, माणूस बाहेर. भांडण रंगायला वेळच मिळत नाही.

मी हे बोलून दाखवलं.

"तुम्हाला नवं काही आवडतच नाही," बायको म्हणाली. "कपडे छान आहेत, घरं छान रंगवलीत, ते नाही दिसत."

"रंग पाहून हसू येतं का?"

"पप्पा, तुम्ही आधी बघा तर," लेक म्हणाली.

तिसऱ्या भागात सेक्रेटरीचं लांबलचक भाषण सुरू झालं तशी ती चहा ठेवायला उठली आणि भाषण संपता संपता कप घेऊन हजर झाली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. चार भाग त्या दिवशी झाले.

दुसऱ्या दुपारी पाचवा भाग लागला. वीज जाते आणि सेक्रेटरी व भाडेकरू लिफ्टमध्ये अडकतात. हा भाग खरोखर चांगला होता, कारण दोघांना शेवटी थांबून बोलावं लागलं. मी म्हटलं, "बघा, लिफ्ट बंद पडली तेव्हा कुठे मजा आली."

लेक पटकन म्हणाली, "आमच्या आईपण हेच म्हणाल्या. जिनाच बरा होता म्हणे."

सासरी आई म्हणजे तिच्या सासूबाई आणि आबा म्हणजे सासरे. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने जीभ चावली.

बायकोने रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. ती अमळनेरकडच्या खेड्यातली. मनाला लागलं की तिकडची भाषा येते. "बठ्ठं देखी लिधं का वं?" म्हणजे, सगळं आधीच पाहून घेतलंस का गं?

"मम्मी, मी नाही म्हणत होते. पण आईंनीच एक दिवस लावला. पहिला सीझन त्यांनी मी यायच्या आधीच पाहिलेला. मग दुसरा त्यांना एकटीला कसा बघू देणार?"

आम्ही एवढं राखून ठेवलं होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती. मग तिने हळूच विचारलं, "हसतात का त्या?"

"हसतात? अगं, याच भागाला इतक्या हसल्या की चष्मा पडला. आबा झोपेतून उठून विचारतात, काय झालं, कोण पडलं? त्यावर आम्ही दोघी आणखी हसलो. माझं तर पोट दुखायला लागलं."

बायकोने पदराने मानेवरचा घाम पुसला. "मग काल चहा काय उगीच केलास? ते भाषण चुकवायला?"

"फार कंटाळवाणं आहे गं ते."

"आणि आम्ही ऐकलं!" बायको म्हणाली, आणि चित्र पुन्हा सुरू केलं. उरलेल्या भागांत लेक पुढचं पुढचं सांगत राहिली, आम्हीही तिला थांबवलं नाही. शेवटचे दोन भाग तसे फिकेच निघाले. पण त्या दुपारी बायको माझ्या ऐकण्यात कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

लेक निघाली तेव्हा बायकोने सांजोऱ्यांचा वेगळा डबा भरून तिच्या हातात दिला.

"हा विहीणबाईंना. आणि त्यांना सांग, मलाही जिनाच बरा वाटला."

दोन दुपारी मी हेच सांगत होतो. पण बस सुटायला आली होती, म्हणून मी नुसता डबा पिशवीत नीट उभा ठेवला.