सानवीची गोवराची लस

करुणा पालीजवळच्या काजू कारखान्यात बिया फोडायची. नवरा प्रज्ञेश मुंबईत कामाला. घरी सासू कमला आणि दहा महिन्यांची सानवी. पोरीच्या पाठीपोटावर दुसऱ्याच महिन्यात तपकिरी डाग उठले होते. आंघोळीत फडकं जरा जोरात फिरलं की ते लाल होऊन फुगायचे.

"तुझ्या हातांना बियांचा तेल असता, तोच लागला पोरीला," कमला म्हणायची. करुणाने हात घासघासून सालटी काढली. डाग तसेच.

त्यातच ती साडेतीन महिन्यांची असताना उपकेंद्रात तिसऱ्या डोसची सुई झाली आणि घरी पोचेपर्यंत सानवीचं सगळं अंग लालभडक झालं. डागांवर फोड आले. ती रडरड रडली आणि मग एकदम गप्प पडली. लाली उतरली, पण करुणाने लस बंद केली. वाडीची आशा सेविका दीपाली गोवराच्या लशीसाठी दारात आली की ही मागच्या दाराने पोरीला घेऊन बागेत जाऊन बसायची.

मग वाडीत गोवर आला. शेजारच्या पोराला गोवरातच न्यूमोनिया होऊन रत्नागिरीला हलवलं. दोनच दिवसांपूर्वी ते करुणाच्याच ओटीवर सानवीशेजारी खेळून गेलं होतं.

या वेळी दीपालीला बघून करुणा पळाली नाही. उंबऱ्यातच बसली. "दिली तरी पोर जाईल, नाही दिली तरी जाईल. मी काय करू, सांग ना!"

"अगो, ते डाग आधी चामडीच्या डॉक्टरांना दाखव. चल, मी येते."

त्याच दुपारी रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी पेनाच्या टोपणाने एक डाग हलकेच घासला. तिथे लाल, फुगलेली गांध उठली.

"हा मास्ट सेलचा आजार. कातडीत या पेशी जास्त साठतात आणि घासलं, तापलं की चवताळतात. तुमच्या हातांनी झालेलं नाही हे."

करुणा पदरात तोंड खुपसून रडली. "मग लस?"

"देता येते. मागे त्रास झाला होता, म्हणून आधी औषध देऊ, आज एकच लस, आणि नंतर इथेच बसून राहायचं. लागलंच तर इलाजाची तयारी आहे."

"काही होणार नाही ना?"

"तशी शपथ नाही घेणार मी. पण गोवर याहून कितीतरी वाईट. आणि तो घराशी आलाय. त्या पोराशी खेळून दोनच दिवस झालेत, आज दिली तर अजून उपयोग होईल."

करुणाने मुंबईला फोन लावला. "पोरीला काय झाला तर माझ्या दारात उभी राहू नको," प्रज्ञेश म्हणाला आणि फोन ठेवला.

ती आत गेली आणि लस टोचताना सानवीला स्वतः धरून बसली.

थोड्या वेळाने पोरीचे गाल लाल झाले. पोटावरचे डाग फुगले. "बाई! बाई, बघा ना!" करुणा किंचाळली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. "श्वास मोकळा आहे. मांडीवरच ठेवा, चोळू नका." करुणा पोरीच्या छातीकडे टक लावून बसली. छाती वर येई, तेवढाच तिला धीर. लाली उतरली तेव्हा दीपालीने दिलेला चहा तिच्या हातात थंडगार झाला होता.

पुढचे दोन-तीन आठवडे ती सारखी कपाळाला हात लावून बघायची. एकदा अंग कोमट लागलं, तर तिला जेवण गेलं नाही. पण गोवर आला नाही.

प्रज्ञेशचा फोन आला. "ताप हाय?"

"नाही."

सानवी मध्येच फोन ओढू लागली.

"पुढचा डोस आहे अजून," करुणा म्हणाली. "त्या वेळेला तुम्ही या. मला एकटीला नाही जमणार परत."

"बघतो," तो म्हणाला.