जिन्याखालची टाकी

"वास येतोय? नाय ना? रंग दिसतोय? नाय ना? मग हाय कशावरनं?" असं विचारत फ्रिजवाले काका दाढीच्या ब्रशनं पाइपच्या जोडाला साबणाचा फेस लावायचे. फेसात बुडबुडा आला की गॅसची गळती सापडली. मग चोर पकडल्यासारखे खूश.

मूळचे कळवणचे, हयात गेली अंबडच्या कारखान्यांतले वॉटर कूलर आणि आमच्या सिडकोतले फ्रिज दुरुस्त करण्यात. जुन्या फ्रिजमधल्या गॅसचं त्यांना भारी कौतुक. "पेटत नाय, लोखंड खात नाय, घरात जरा सुटला तरी माणसाला काय करत नाय. लय गुणी! फक्त वर जाऊन ओझोन खातो."

मला चौकशांची खोड. "हवेपेक्षा जड ना तो? मग वर कसा जातो?"

"वारा नेतो की! खाली कशानंच मोडत नाय, म्हणून वर्षानुवर्षं भटकतो. पार वरच्या कडक उन्हात मोडला की त्यातला क्लोरीन सुटतो, तो ओझोन खातो. गुणच नडला बघ."

पूर्वी नवा गॅस भरण्याआधी उरलेला खिडकीबाहेर सोडायची रीतच होती. काकांनीही सोडला. त्यांना कुणी बोल लावला नव्हता, पण ते मनाला लागलं होतं. चहा पिता पिता मध्येच म्हणायचे, "माझा अजून वर फिरत असंल."

पुढे तो गॅस बनायचा बंद झाला आणि काकांना नवंच वेड लागलं. कुणी जुना फ्रिज भंगारात काढला, की पाइप कापला जायच्या आत काका मशीन आणि टाकी घेऊन हजर! आतला गॅस टाकीत उतरवून घ्यायचे. भंगारवाला वैतागायचा, "काका, हवाच तर हाय!"

"हवा असती तर तुलाच दिली असती."

मीही चिडवायचो, "आभाळच फाटलंय, तुम्ही कुठं कुठं ठिगळ लावणार?"

"ठिगळ नाय रे. आपण अजून फाडू नये, एवढंच."

टाकी भरत आली होती. हा गॅस रीतसर नष्ट करून देणारं कुणीतरी ते शोधत होते. तसं कुणी सापडायच्या आधीच, या उन्हाळ्यात काका गेले. आता ती शोधाशोध माझ्याकडे आली आहे.

परवा त्यांच्या घरी गेलो, तर काकू जिन्याखाली टाकीसमोर बसलेल्या. वाटीत साबणाचं पाणी, हातात तोच ब्रश. टाकीच्या तोंडाला फेस लावून टक लावून बघत होत्या. शेजारी जाऊन बसलो आणि मीही फेसाकडे बघू लागलो.

"नाय आला बुडबुडा," काकू म्हणाल्या, आणि मग चहा ठेवायला उठल्या.