रोजच्यासारखं काम

पॅकिंगच्या टेबलावरच्या बाईला सगळा कारखाना वहिनीच म्हणायचा, कारण समोर तिची सख्खी नणंद बसायची. साहेबांच्या हातापाया पडून वहिनीनंच तिला तिथं चिकटवली होती.

बदलत्या कामाचा अभ्यास म्हणून विद्यापीठानं आणि कंपनीनं मिळून काहीतरी काढलं. विद्यापीठाची बाई आली, दोघींच्या मनगटांवर वेग मोजणारे पट्टे बांधले आणि गोड आवाजात म्हणाली, "रोजच्यासारखंच काम करा हं."

आता पाहुणी समोर असताना रोजच्यासारखं कोण करतं? पंधरा दिवस वहिनी पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. खोकी नुसती उडत होती. नणंद म्हणाली, "वहिनी, जरा दमानं घे."

"तू गप गं. चारचौघांत माझं नाव झालं तर तुझंही भलंच होईल."

नाव झालं. अहवालात तिच्या वेगाचा आलेख छापून आला. खाली लिहिलं होतं, या टेबलाला एक माणूस पुरे. महिनाअखेरीस नणंदेला नारळ मिळाला.

आता वहिनी दोघींचं काम एकटी उपसते. पट्टा हातावर कायमचा बसलाय. जरा हळू झाली की तो मनगटावर थरथरतो.

संध्याकाळी तिची बोटं वळत नाहीत, म्हणून नणंदच तिला भरवते. घास पुढे करून, अगदी त्या बाईच्या गोड आवाजात, म्हणते, "खा वहिनी, पोटभर खा. उद्याही रोजच्यासारखंच करायचंय ना?"