गिझर कोणाच्या फोनवर?

शनिवारी संध्याकाळी मुलगा योगराज खोक्यातून एक पांढरी डबी काढून टेबलावर ठेवत होता, तेव्हाच बन्सीलालच्या मनात पाल चुकचुकली.

"हाई काय शे?"

"गिझर फोनला जोडायचाय, नाना. पाणी किती तापलं ते दिसेल, तिथूनच बंद-चालू करता येईल."

"कसाले?"

"बघायला," योगराज म्हणाला आणि स्क्रू मोजू लागला. सून गायत्री वर्ध्याकडची, त्यामुळे घरात योगराज मराठी बोलायचा. बन्सीलालची अहिराणी मात्र सुटली नव्हती.

बघायला! हा शब्द त्याने आधीही ऐकला होता. तरुणपणी अमळनेरहून सुरतेला आला तेव्हापासून बन्सीलालने कापडाचे मागच चालवले. शेवटची वर्षं सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात गेली. तिथे एकदा शेठने प्रत्येक मागाला अशीच पांढरी डबी लावून घेतली. "खाली जोवा माटे, काका," शेठ म्हणाला होता. नुसतं बघायला. मग माग थांबला की शेठच्या फोनवर लाल दिवा. बन्सीलाल लघवीला गेला की लाल दिवा, तंबाखू मळायला बसला की लाल दिवा. दिवाळी झाली आणि शेठने गोड हसून हातात मिठाईचा पुडा ठेवला. "काका, हवे आराम करो." आता आराम करा, म्हणजे उद्यापासून येऊ नका.

आता डबी घरात आली होती. आणि घरात गरम पाणी सगळ्यात जास्त लागायचं ते बन्सीलाललाच. हाडं शेकल्याशिवाय त्याला आंघोळ झाल्यासारखी वाटत नसे.

पर्वत पाटियाच्या नाक्यावरच्या चहावाल्याकडे त्याने हे किसनला सांगितलं. किसन त्याच कारखान्यातला, त्याच दिवाळीत आरामाला लागलेला. तो खोखो हसला.

"बन्सी भो, तुना पोऱ्या शेठ व्हई गया! आते आंघोळीले बसना का तुना बी लाल दिवा लागी."

बन्सीलाललाही हसू आलं, पण चहा अर्धाच टाकून तो उठला. घरी येऊन त्याने कापडी पिशवीत सदरे, धोतर, टॉवेल आणि मागावरचा जुना हूक भरला. गावी भाऊ धुडकूकडे जाता येईल. कोणी 'आराम करा' म्हणायच्या आत आपण उठलेलं बरं. पिशवी त्याने खाटेखाली सारली.

रविवारी योगराज न्हाणीघराच्या माळ्यावर चढला. माळा बुटका, पुढे पाण्याचं पिंप आणि मागे भिंतीला चिकटलेला गिझर. त्याच्या थर्मोस्टॅटची चकती नेमकी भिंतीकडच्या अंगाला. तिथे हातच पोचत नसे, त्यामुळे ती कायम शेवटच्या, सगळ्यात गरम आकड्यावर होती.

"नाना, तुम्ही आंघोळीला साधारण कधी जाता?" वरून प्रश्न आला.

"कसाले ते?"

"वेळ लावून ठेवतो."

झालं! वेळसुद्धा लावणार. बन्सीलाल ओठ आवळून दारातच उभा राहिला. तापमान मोजणारी तार गिझरच्या मागून ओढून घ्यायची होती, पण योगराजचा पंजा फटीत शिरेना. घामाघूम होऊन त्याने मान बाहेर काढली.

"नाना, मागाच्या फणीत धागा ओढायचा तुमचा तो हूक कुठंय?"

"हरपना तो."

"हरवला कसा? गायत्री, खाटेखाली बघ गं, नाना तिथेच ठेवतात."

"राहू दे, मी देखस!" बन्सीलाल वळला, पण गायत्रीने तोवर पिशवी ओढली होती. हूक निघाला, त्याच्यामागून सदरे, धोतर, टॉवेल आणि भाजल्यावर लावायच्या मलमाची चेपलेली नळी.

"नाना, कुठे निघालात?"

बन्सीलालने कपडे आणि मलम पुन्हा पिशवीत कोंबून ती खाटेखाली ढकलली.

"मलमाचं मला माहीत होतं," गायत्री म्हणाली. "तुमच्या बनियनला पाठीवर डाग होता. पाण्याने भाजलं ना? मीच यांच्या मागे लागले, की त्या गिझरचं काहीतरी करा."

योगराज खाली उतरला. "सांगायचं तरी होतं."

"सांगीसन काय व्हतं?" बन्सीलालचा आवाज मागावर असताना चढायचा तसा चढला. "म्हातारा आंग भाजी लेस, हाई सांगू? आज तू फोनवर पाणी देखशी, सकाय म्हनशी, नाना, आते आराम करा!"

योगराजने कोळ्याची जाळी लागलेलं तोंड पुसलं. "कोणाच्या फोनवर? आम्ही दोघं सकाळीच बाहेर पडतो, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. हे तुमच्याच फोनवर घ्यायचंय. आणा इकडे."

बन्सीलालने फोन दिला, पण हात जरा आखडूनच. योगराजने पुन्हा वर चढून, हूक फटीत सारून तार ओढून घेतली, डबी बाहेरच्या स्विचशेजारी लावली. थोड्या वेळाने फोनच्या काचेवर एक आकडा उमटला आणि हळूहळू चढू लागला. बन्सीलालने गिझरच्या नळीला बोट लावून पाहिलं, मग आकडा पाहिला, मग पुन्हा नळी. आकडा खोटं बोलत नव्हता.

संध्याकाळी योगराज आंघोळीला गेला. बन्सीलाल खाटेवर फोन धरून बसला होता.

"योग्या, निंघ भाईर! समदं गरम पाणी सरी ऱ्हायनं!"

"नाना, आत्ताच तर आलो!"

"माले दिसस ना!"

स्वयंपाकघरात गायत्री तोंडाला पदर लावून हसली. तिचं लक्ष नाही असं पाहून बन्सीलालने पिशवी ओढली, धोतर-टॉवेल काढून दोरीवर टाकले, मलम फळीवर ठेवलं. दोन सदरे मात्र त्याने आतच राहू दिले आणि पिशवी खाटेखाली सारली. पोरगा भला होता, पण शेठही मिठाई देईपर्यंत भलाच होता.