खोटं म्हणणाऱ्या सिस्टरबाई

सगळी मंडळी मान खाली घालून, डोळे मिटून प्रार्थनेत आहे, पाळकसाहेबांचा आवाज गहिवरून आलाय, आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून खणखणीत शब्द येतो, "खोटं." आमच्या दिग्रसच्या चर्चमध्ये हे महिन्यातून एकदा तरी घडायचं. बोलणाऱ्या सिस्टरबाई. 'प्रभू, आम्ही सर्व एकमेकांवर प्रीती करतो' असं कोणी देवाला सांगायला लागलं की त्यांना राहवायचंच नाही. नवीन आलेले पाळक आधी दचकायचे, मग रागवायचे आणि वर्षभरात जपून प्रार्थना करायला शिकायचे.

मला त्या कधीच आवडल्या नाहीत, हे सांगून टाकतो. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. तो बंद पडल्यावर सरकारीत गेल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. रविवारी शब्बाथशाळा घ्यायच्या, तिथे आम्हा पोरांना बायबलमधलं वचन म्हणण्याआधी नखं दाखवावी लागायची. माझी नखं कायम काळी. "जाय, धुऊन ये. देव काही पळून नाही चालला," असं म्हणून त्या मला वर्गाबाहेर काढायच्या आणि सगळी पोरं हसायची. पुढे मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून झालो, मंडळीच्या कमिटीचा सेक्रेटरी झालो, तरी प्रभुभोजनाच्या दिवशी भाकर घेताना त्यांची नजर माझ्या हातांकडे जायचीच.

आजाऱ्याच्या घरी आम्ही चार जण प्रार्थनेला गेलो की त्या आमच्या आधी पोचलेल्या असायच्या. "आधी ताप पाहू द्या, मंग करा तुमची लांबलचक प्रार्थना," म्हणायच्या. थर्मामीटर काखेत लावून तो निघेपर्यंत आम्हाला दाराशी उभं ठेवायच्या. एकदा तर पाळकसाहेबांनाच त्यांनी, रोग्याला झोप लागली आहे, म्हणून अंगणातून परत पाठवलं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. टीव्हीवर देशभरातल्या चिता दिसत होत्या आणि ऑक्सिजनसाठी धावणारी माणसं दिसत होती. आमच्याकडे एका वसतिगृहात सेंटर उघडलं. नर्सा कमी पडल्या तेव्हा सिस्टरबाई पासष्टी ओलांडलेल्या असूनही आपण होऊन तिथे गेल्या. एप्रिलात मीही तिथे एका खाटेवर जाऊन पडलो. एका दुपारी माझा श्वास इतका तुटायला लागला की मी मनातल्या मनात बायकोचा निरोप घेतला. मग कोणीतरी तोंडावर मास्क चढवला आणि हळूहळू खोलीचं छत स्पष्ट दिसायला लागलं. बाजूच्या खाटेवरचा माणूस संध्याकाळी नव्हता. त्याच्याबद्दल मी विचारलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षापासून आमच्या मंडळीने ईस्टरनंतरचा एक रविवार त्या लाटेत गेलेल्यांसाठी ठेवला. त्यांची नावं वाचायची, मेणबत्त्या लावायच्या आणि मग वाचलेल्यांनी उभं राहून, देवाने आपल्याला कसं वाचवलं याची साक्ष द्यायची. साक्ष देणं आमच्याकडे नित्याचंच, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. माझी साक्ष सगळ्यांत गाजली. भर दुपारी प्रभूने माझ्यासाठी सिलिंडर पाठवला, माझं नाव घेऊन पाठवला, असं मी सांगितलं. लोक डोळे पुसत होते. पुढच्या बाकावर नवरा गमावलेल्या दोघी बसल्या होत्या, त्यांच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

"खोटं," सिस्टरबाई म्हणाल्या. "बस खाली."

मी बसलो नाही. साक्ष पूर्ण केली. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वाटेत दिसल्या तर रस्ता ओलांडायचो. दुसरीकडे माझ्या साक्षीला मागणी आली. पुसदला बोलावलं, दारव्ह्याला बोलावलं, यवतमाळला तर हार घातला. सांगता सांगता ती लांबत गेली, तिच्यात एक तेजस्वी हातही आला. दोन वर्षं मी ती सांगत फिरलो, आणि आमच्या चर्चमध्ये सांगितली की दर वेळी तिसऱ्या बाकावरून तोच शब्द यायचा.

शेवटी कमिटीने त्यांना पत्र द्यायचं ठरवलं. उपासनेत पुन्हा व्यत्यय आणला तर त्यांनी चर्चमध्ये येऊ नये. मजकूर माझा, सही माझी, आणि द्यायला मीच गेलो. तो आनंद मला दुसऱ्या कोणाला मिळू द्यायचा नव्हता.

त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. पत्र वाचून त्यांनी ते घडी करून सुपाखाली ठेवलं.

"बस," म्हणाल्या. "मास्क कोणं लावला तुले?"

"माहीत नाही. ते सगळे अंगभर किट घालून होते."

"म्या लावला. सिलिंडर एकच आलता. तुमी दोघं होते, तू अन् बाजूचा. दोघाईचा ऑक्सिजन सारखाच उतरला होता. तो तुझ्या आधी भरती झालता, पाळी त्याची होती. डॉक्टर दुसरीकडे होते, विचारू कोणाले? म्या तुझं तोंड पाह्यलं. आपल्या मंडळीतला पोरगा हाय, शब्बाथशाळेतला हाय, असं मनात आलं. अन् तुले देल्ला." त्यांनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "देवानं नाही पाठवला कोणाचं नाव घेऊन. नाव म्या घेतलं."

राग आला होता, तो आता कोणावर काढायचा हेच कळत नव्हतं. मी विचारलं, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"हिंमत नाही झाली. तू वाचला, चांगलं झालं. पण मी केलेलं देवाच्या नावावर काहून खपवतं? मी त्याच्याशी रोज भांडून राह्यली, त्या दुपारी मले अडवलं काहून नाही म्हणून. तो काही बोलत नाही."

त्या माणसाचं नाव किसन राठोड. केसपेपरवर होतं, ते त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. दारव्ह्याच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्यावर त्याचं घर, बायको, दोन मुली. स्मरणाच्या रविवारी उपासना सुटली की सिस्टरबाई एसटीने तिथे जायच्या. किसनच्या बायकोचा रक्तदाब मोजायच्या, गोळ्या द्यायच्या, मुलींच्या शाळेची चौकशी करायच्या. खरं सांगायचं म्हणून जायच्या आणि न सांगता परत यायच्या.

पत्र मी परत आणलं आणि घरी फाडलं. साक्ष देणं बंद केलं. कमिटीला कारण सांगायची माझीही हिंमत झाली नाही. आमचं दोघांचं जमलं मात्र नाहीच. मला जगवल्याबद्दल त्यांचे आभार मानावेत असं वाटायचं, पण जीभ उचलायची नाही. त्यांनाही ते नकोच होतं. चर्चच्या दारात एकमेकांना नुसता 'सलाम' घालायचो.

गेल्या थंडीत त्या पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "प्रार्थना नोको करू. त्या रविवारी तांड्यावर जाजो. माझ्याच्यानं झालं नाही, तू सांगजो. अन् माझ्यासाठी माफी मांगजो." आठवड्याने गेल्या. दफनाच्या वेळी लोकांनी त्यांच्या सेवेबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. तिसरा बाक इतका शांत होता की मला तिथे बसवेना.

या वर्षी त्या रविवारी मी तांड्यावर गेलो. किसनची बायको ओसरीत वाती वळत होती. सिस्टरबाई गेल्याचं सांगितलं, तर तिने हातातलं खाली ठेवलं. मग मी बाकीचं सगळं सांगितलं. पाळी कोणाची होती, तेही.

"दरसाल ये ते बाई," ती म्हणाली. "पण माह्या घरचा चहा सोडा, पाणीबी कधी पेली नाही. मले वाटे, आमच्या हातचं चालत नसन तिले. लय राग ये. आज समजलं."

ती आत गेली. पाण्याचा गिलास आणून तिने माझ्यासमोर ठेवला.

"तुमी प्या. तुमी काही मांगतलं नोतं."

"त्यांनी माफी मागायला सांगितलंय," मी म्हणालो. "त्या फार..."

"तिचं नोका सांगू," ती म्हणाली. "ते मी अन् ते बाई पाहून घेऊ."

मी पाणी प्यालो. सिस्टरबाईंसाठी जे मागायला गेलो होतो ते मिळालं नाही, आणि दुसऱ्यांदा मागायचा मला हक्क नव्हता. एसटी यायला वेळ होता. फाट्यावर उभा राहून मी त्यांच्यासाठी रडलो, त्या असताना कधी रडलो नव्हतो इतका.