साखळीच्या शेवटी मी होते

हिंगोलीत माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. तापाचं औषध माझ्याकडून न्यायचं आणि ताप उतरला की श्रेय अंगाऱ्याला द्यायचं, अशी गिऱ्हाइकं मी रोज बघते. काउंटरवर कुणी भूत-भानामती सुरू केली की माझा एकच प्रश्न असतो, ‘गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला का?’ हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला त्यांच्याच रांगेत बसवाल. बसवा. जे झालं ते मी काही कमी करून सांगणार नाही.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही तिघी – मी, शाळेत शिकवणारी शोभा आणि आमच्या शेजारच्या नंदावहिनी. तिघीही पन्नाशीला टेकलेल्या. डोंगरकडा गावाच्या पुढे, रस्ता सोडून आत, एक लहान गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर लोक उद्याच नारळ घेऊन पोचतील. गावामागे साग आणि सीताफळींनी भरलेला डोंगर. त्याला वळसा घालून परत त्याच गावात उतरणारी एक पायवाट आहे, गावात तिला ‘फेरा’ म्हणतात. दोन दिवस लागतात, आणि एकच ओढा वाटेत सात वेळा आडवा येतो. टेंट, शिधा, कपडे सगळं पाठीवर घेऊन हा फेरा करायचा, ही कल्पना माझी. यादीही माझी, आणि गल्लीभर केलेल्या मोठ्या गप्पाही माझ्याच. नवरा म्हणाला, “संध्याकाळच्या एसटीने परत येशील. भाजी झाकून ठेवतो.” मग तर जाणं भागच होतं.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. मला पाण्याची भीती वाटते. नऊ वर्षांची असताना विहिरीत पडले होते, आईने वेणीला धरून ओढलं. तेव्हापासून घोट्याच्या वर पाणी आलं की माझा श्वास अडकतो. इतकी वर्षं ‘मला ऊन सोसत नाही’ म्हणून नदीवर जाणं टाळलं, आणि नवऱ्यानेही ते खरं मानलं. खरं म्हणजे हा फेरा मी त्यासाठीच काढला होता. सात ओढे ओलांडायचे आणि चाळीस वर्षांची ही कटकट एकदाची संपवायची. पण भीती आहे हे कबूल न करता! स्वभावाला औषध नाही, मेडिकलवालीकडेही नाही.

वाट दाखवायला गावातल्या सुभद्रामावशी होत्या. साठीच्या, शेळ्या राखण्यात सगळा जन्म गेलेल्या, काटक. पहिल्या ओढ्यावर त्यांनी आम्हाला उभं करून शिकवलं.

“पाण्यात बोटं न्हाई धरायची, सुटत्यात. मनगट धरायचं. तू तिचं, तिनं तुझं.”

अशी साखळी. सगळ्यात पुढे काठी घेतलेला माणूस. पाण्याच्या आवाजात कोण सुटलं ते कळावं म्हणून चालताना ओळीने आकडे ओरडायचे – एक, दोन, तीन, चार, की पुन्हा एक. आणि शेवटच्याने काठावर चढलं की मोठ्याने सांगायचं, ‘माघं कोणी न्हाई.’ ते ऐकल्याशिवाय कुणी कुणाचं मनगट सोडायचं नाही.

“शेवटाला पव्हणारं मानूस लागतं,” मावशी म्हणाल्या. “त्याचा एक हात मोकळा ऱ्हातो ना. कोणाला येतं पव्हता?”

शोभा आणि वहिनी दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. अर्थातच... जिने सगळं जमवलं तिला येतच असणार.

“मला येतं की,” मी म्हणाले.

पहिल्या दिवशीचे तीन ओढे निभावले. पाणी गुडघ्याखाली होतं. मी दात आवळून, डोळे वहिनींच्या सॅकवर लावून चालले आणि तिन्ही वेळा ‘माघं कोणी न्हाई’ असं ओरडले, की जशी काही जन्मभर तेच करत आले. त्या रात्री पठारावर झोपलो. पलीकडच्या डोंगरावर पाऊस पडून गेला, आमच्यावर थेंबही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चौथ्या ओढ्यावर पोचलो, तर पाणी गढूळ, तांबडं आणि चांगलंच वर आलेलं. मावशींनी मधला एक काळा दगड दाखवला. “त्यो उघडा पडल्याबिगर उतरायचं न्हाई.” दोन तास बसलो. भाकरी-ठेचा खाल्ला, म्हणजे त्यांनी खाल्ला, मी नुसती त्या दगडावर नजर लावून होते. तेव्हाच सांगायला हवं होतं.

दगड उघडा पडला. मावशींनी काठीने तळ चाचपला, साखळी धरली आणि आम्ही उतरलो. मावशी एक, शोभा दोन, वहिनी तीन, मी चार. पाणी मांडीपर्यंत. आकडे चालू होते. मधोमध आलो तेव्हा माझ्या पायाखालचा गोटा फिरला.

मी कमरेपर्यंत खाली गेले. सॅक एका बाजूला ओढली गेली, वहिनींच्या हातातलं माझं उजवं मनगट घसरायला लागलं. श्वास अडकला, आकडा तोंडातून निघेना. आपण आता जाणार आणि या दोघींनाही घेऊन जाणार, हे मला स्वच्छ कळलं. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

आणि तेवढ्यात कुणीतरी माझं डावं मनगट धरलं. मागून.

फांदी नव्हती ती, गवतही नव्हतं. मावशींनी शिकवलं होतं अगदी तसंच धरलं होतं, आणि माझीही बोटं आपोआप मिटली, तर माझ्या मुठीतही एक मनगट होतं. बारीक, गार, बांगडी नसलेलं. त्या हाताने मला ओढलं नाही, नुसतं तोलून धरलं. माझे पाय लागले. श्वास आला. “चार!” मी ओरडले.

मागून आवाज आला – “पाच.”

साधा आवाज. घाई नाही की घबराट नाही. बाईचा का पुरुषाचा, आजही सांगता येणार नाही. पाठीवर सॅक असल्याने मला वळून बघता येईना. पुढून मावशी ‘एक’ म्हणाल्या, शोभा ‘दोन’, वहिनी ‘तीन’, मी ‘चार’, आणि पुन्हा ‘पाच’. असे आम्ही काठापर्यंत गेलो.

मी वर चढले. सगळ्या थांबल्या होत्या, मी सांगायची वाट बघत.

“काहून बोलत न्हाईस?” मावशी.

कसं बोलणार? मागे कुणीतरी होतं. मी डावा हात जोर लावून वर ओढला, आपल्या माणसाला काठावर घेतो तसा... आणि मूठ रिकामी वर आली. खाली नुसतं पाणी वाहत होतं.

“पाच कोण म्हणालं?” वहिनींनी विचारलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मावशींनी आणि शोभानेही ऐकलं होतं. शोभाला वाटलं मीच दोनदा बोलले.

मग मात्र मला रडू कोसळलं आणि सगळं बाहेर आलं. मनगट धरणारा तो हात, विहीर, वेणी, आणि मला पोहता येत नाही हेसुद्धा. वहिनी माझ्यापेक्षा जास्त रडल्या. मावशींनी मनसोक्त झापलं. “पाण्यासंगं लबाडी करती का? तू गेली असतीस, अन् ह्या दोघीबी!” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग विचारलं, “मावशी, इथं कधी कुणी बुडालं होतं का?”

“न्हाई. ह्या ओढ्यानं आजपातूर कोणाला नेलं न्हाई.”

“मग कोण होतं?”

“मला काय ठावं? धरलं ना तुला बराबर? मग ऊठ.”

आता पंचाईत अशी, की पोहता येणाऱ्या एकट्या मावशीच. म्हणजे शेवटी त्या. मग काठी घेऊन पुढे कोण? शोभा आणि वहिनी एकमेकींकडे बघत होत्या. मी काठी उचलली. “मला पोहता येत नाही,” मी म्हणाले, आणि ते मोठ्याने म्हणताना इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! “पण तळ चाचपता येतो.”

पाचवा, सहावा, सातवा – तिन्ही ओढ्यांत मी पुढे होते. आधी काठी, मग पाय, मग ‘एक’. घाबरले नाही असं नाही. पण थांबले नाही. तिन्ही वेळा आकडा चारवरच संपला. सातव्या ओढ्याच्या काठावर मी चिखलातच फतकल मारली आणि आम्ही चौघी वेड्यासारख्या हसत सुटलो. गावात शिरलो तेव्हा पाराजवळच्या बायका उठून बघायला आल्या. चिखलाने माखलेली मी अशा तोऱ्यात चालत होते, जसा काही डोंगरच सात-बाऱ्यावर माझ्या नावे झालाय.

त्यानंतर सगळे तर्क करून झाले. शोभा म्हणते प्रतिध्वनी. पण तो ‘चार’चा आला असता, ‘पाच’चा कसा? मी स्वतः भीतीने मेंदू काय काय खेळ करतो ते वाचून काढलं. पण मेंदू माझा, आणि ऐकलं चौघींनी. भूत म्हणावं तर तिथे कुणी मेलेलंच नाही. म्हणजे स्पष्टीकरण नाही, आणि मला त्याची फार तळमळही उरलेली नाही. मी सध्या पोहायला शिकते आहे, पाच-सहा वर्षांच्या लेकरांबरोबर, पाठीला डबा बांधून. ती मला हसतात. हसू देत.

फक्त एक विचार अधूनमधून येतो. त्या दिवशी साखळीच्या शेवटी मी खोटं बोलून उभी होते. माझ्याही मागे जे कुणी येऊन उभं राहिलं, त्याला तरी पोहता येत होतं का, देव जाणे.